ई-ग्रामस्वराज पोर्टल: गावचा पैसा खाल्ला गेला असेल तर इथे किती दिसतं?

सिमेंट रस्त्याचं बिल निघालंय आणि रस्ता मात्र कुठे दिसत नाही, अशी शंका गावात आली की हल्ली पहिला सल्ला मिळतो, "ई-ग्रामस्वराज उघडून बघा." सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाचं हे पोर्टल २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालं. लॉगिन न करता कुणालाही, देशातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीचा आराखडा आणि जमाखर्च त्यावर बघता येतो. पोर्टलचे बाकीचे उपयोग बरेच आहेत. हे परीक्षण मात्र एकाच प्रश्नापुरतं आहे. सरपंच, ग्रामसेवक किंवा पंचायतीतला कुणी कर्मचारी लोकांनी विश्वासाने सोपवलेल्या पैशावर डल्ला मारत असेल, तर तो पकडायला हे पोर्टल कितपत कामाचं?

पैसा खात्यातून कधी, किती आणि कशाच्या नावाने गेला, हे पोर्टल चांगलं सांगतं. त्या पैशाचं जमिनीवर काय झालं, ते सांगत नाही. घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्यांमध्ये जो पैसा मुरतो, त्याचा तर इथे बहुतेक ठिकाणी मागच लागत नाही. म्हणून पोर्टल बघून थांबणाऱ्याच्या हाती नुसती शंका राहते. पोर्टलवरचा व्हाउचर नंबर घेऊन जो मोजमाप वहीपर्यंत (झालेल्या कामाची लांबी, रुंदी, जाडी जिथे नोंदवतात ती वही) जातो, त्याच्या हाती पुरावा येतो.

आधी इथे कुठला पैसा दिसतो ते समजून घ्या, कारण अर्धा गोंधळ तिथेच होतो. पोर्टलवर सगळ्यात नीट दिसतो तो वित्त आयोगाचा, म्हणजे आयोगाच्या शिफारशीप्रमाणे केंद्राकडून येणारा, पैसा. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींना होता. पंधराव्या आयोगाच्या निधीचे महाराष्ट्रात ८०:१०:१० असे वाटे पडले: ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १०, जिल्हा परिषदेला १०. त्यातला काही भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच, काही अबंधित. २०२०-२१ साली हे प्रमाण निम्मं-निम्मं होतं. २०२१-२२ ते २०२५-२६ साठी ६० टक्के बंधित ठरला: ३० टक्के स्वच्छतेसाठी आणि ३० टक्के पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण, पाण्याचा पुनर्वापर यासाठी. उरलेला ४० टक्के अबंधित निधी गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो, मात्र पगार आणि आस्थापनेवर नाही. हे आकडे पाठ असले की पोर्टलवरची यादी वाचताना पहिली चाळणी आपोआप लागते. बंधित निधीतून ग्रामपंचायत कार्यालयाला फर्निचर घेतलेलं दिसलं, तर पुढचं काही बघण्याआधीच प्रश्न विचारता येतो.

आमदार निधी, खासदार निधी, २५१५ (राज्याच्या ग्रामविकास निधीचं लेखाशीर्ष), दलित वस्तीची कामं, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडून होणारी कामं हे सगळं इथे नीट सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका. लुबाडणुकीची एक जुनी रीत नेमकी याच फटीतून चालते: तोच रस्ता एकदा २५१५ मध्ये आणि एकदा वित्त आयोगात. दोन्हीकडची कागदपत्रं आपापल्या जागी बिनचूक असतात. रस्ता एकच असतो.

आता उघडायचं कसं. पहिल्या पानावर अहवालांचे विभाग आहेत: आराखडा, कामांची प्रगती, जमाखर्च. आर्थिक वर्ष, राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत असं एकेक निवडत जायचं आणि कॅप्चा भरायचा. मोबाइलवर ही साखळी मध्येच तुटते, तक्ते आडवे पसरतात, कॅप्चा पुन्हा पुन्हा मागितला जातो. संगणकावरच बसा. एकाच नावाच्या दोन ग्रामपंचायती एका तालुक्यात असतील तर नावाशेजारचा स्थानिक संस्थेचा कोड लिहून ठेवा. शेजारच्या गावाचा खर्च आपला समजून केलेली तक्रार पहिल्याच दिवशी तोंडघशी पाडते.

उघडायचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी मंजूर वार्षिक आराखडा, म्हणजे आपला 'आमचं गाव, आमचा विकास' आराखडा. मग जमाखर्चातली व्हाउचरची यादी. मग रोकड वही. शेवटी कामाचे फोटो. बहुतेक लोक थेट खर्चाच्या यादीवर जातात आणि मोठा आकडा शोधतात. मोठा आकडा सहसा स्वच्छ असतो, कारण त्यावर सगळ्यांची नजर असते. आराखड्यात नसलेलं काम खर्चात आलंय का, हे शोधणं जास्त फळतं. ग्रामसभेने मंजूर न केलेल्या कामावर पैसे गेले असतील तर त्याची सुधारित मंजुरी, ठराव क्रमांक आणि तारीख दाखवण्याची जबाबदारी पंचायतीची.

व्हाउचरचा नंबर कसा वाचायचा ते एकदा कळलं की यादी बोलू लागते. पंधराव्या वित्त आयोगाचं व्हाउचर साधारण असं दिसतं: एक्सव्हीएफसी/२०२२-२३/पी/५. पहिला भाग योजना, दुसरा आर्थिक वर्ष, 'पी' म्हणजे खर्च, शेवटी अनुक्रमांक. 'पी'च्या जागी 'आर' असेल तर जमा. अनुक्रमांक एकामागून एक लागतात का बघा. तारखा बघा. ३० आणि ३१ मार्चला आठ-दहा व्हाउचर एकदम निघाली असतील तर नुसत्या तेवढ्यावरून अपहार सिद्ध होत नाही, कारण निधीच उशिरा येतो. पण मोजमापाच्या तारखा आणि या तारखा शेजारी ठेवून बघायची खूण तिथे नक्की करावी. मागच्या वर्षाची अखेरची शिल्लक आणि पुढच्या वर्षाची आरंभीची शिल्लक जुळायलाच हवी. बँकेचं व्याज जमा बाजूला आलंय का तेही बघा. वर्षभर लाखो रुपये खात्यात आणि व्याजाची नोंदच नाही, तर पासबुक मागायचं कारण मिळालं.

पोर्टलचा सगळ्यात मोठा दोष व्हाउचरच्या तपशिलात आहे. तपशिलाचा रकाना मोकळा आहे, भरणारा मनाला येईल ते लिहितो. 'बिल अदा', 'साहित्य खरेदी', 'पेमेंट' एवढंच, तेही बहुधा इंग्रजीत किंवा रोमन लिपीतल्या मराठीत. कुठला दिवा, किती वॅटचा, किती नग, कुठल्या गल्लीत, काही नाही. काही व्हाउचरवर पैसे घेणाऱ्याचं नाव दिसतं, काहींवर नाही. बिलाची प्रत तर नाहीच. रकमेसोबत बिलाचं स्कॅन आणि मोजमाप वहीचं पान टाकणं सक्तीचं केलं, तर या पोर्टलची किंमत एका रात्रीत दहापट होईल. तांत्रिकदृष्ट्या त्यात अवघड काही नाही.

फोटोंचंही तसंच. कामाचे फोटो एम-ॲक्शनसॉफ्ट नावाच्या मोबाइल ॲपमधून अक्षांश-रेखांशासह चढवायचे असतात: सुरू होण्याआधी, चालू असताना, पूर्ण झाल्यावर. जिथे तीनही टप्पे आहेत तिथे चांगलाच उपयोग होतो. पण बऱ्याचदा शेवटचाच फोटो असतो, आणि त्यात ताजं काँक्रीट की दोन वर्षांपूर्वीचं, हे फोटोवरून सांगता येत नाही. कडेचं झाड, विजेचा खांब, घराचा रंग अशा खुणा धरून दोन वेगवेगळ्या कामांचे फोटो शेजारी ठेवून बघा. एकच फोटो दोन कामांना जोडलेला आढळला तर तो पुरावा सरळ आणि कुणालाही पटणारा.

पैसे जाण्याची पद्धत मात्र या पोर्टलने खरोखर सुधारली, याचं श्रेय द्यायला हवं. पूर्वी ग्रामसेवक आणि सरपंचाच्या सहीने चेक निघायचा, त्यात सेल्फचे चेकही असायचे, आणि रोख काढून 'वाटप केले' असं लिहिता यायचं. आता वित्त आयोगाचं देयक पीएफएमएसला (सरकारी पैसे देण्याच्या केंद्राच्या ऑनलाइन प्रणालीला) जोडलेलं आहे. एकाने देयक तयार करायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं, आणि दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागल्याशिवाय पैसा हलत नाही. तो थेट पुरवठादाराच्या खात्यात जातो. रोखीची चोरी त्यामुळे खूप आवळली गेली.

पण डिजिटल स्वाक्षरी म्हणजे शेवटी एक छोटी यूएसबी काडी आणि तिचा पासवर्ड. ही काडी कुणाच्या खिशात आहे, यावर सगळा डोलारा उभा आहे. अनेक गावांत सरपंचाची काडी ग्रामपंचायतीच्या टेबलाच्या खणात किंवा संगणक परिचालकाकडे असते आणि पासवर्ड मागे कागदावर चिकटवलेला असतो. नवख्या सरपंच ताईंना "तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही करतो" असं सांगून काडी ठेवून घेतली जाते. मग दोन सह्यांचा बंदोबस्त एकाच हातात येतो. पुढे चौकशी लागली की सही ज्यांच्या नावाची, जबाबदारी त्यांची. "मला माहीतच नव्हतं" हे उत्तर तिथे चालत नाही. सरपंचांनी काडी स्वतःच्या घरी कुलपात ठेवावी, पासवर्ड स्वतः बदलावा, आणि प्रत्येक देयकाआधी बिल आणि मोजमाप वही समोर मागावी. मासिक सभेत देयकांची यादी वाचून घेऊन मगच सही करावी. एवढ्याने निम्मी लुबाडणूक दारातच अडते.

रोख थांबली तसा मार्ग बदलला. आता पुरवठादारच आपला उभा केला जातो. नात्यातल्या कुणाच्या नावाने फर्म, तिच्याच तीन भावंडांची तीन दरपत्रकं, तिन्हींवर एकाच धाटणीचं अक्षर. निविदा काढावी लागू नये म्हणून एका कामाचे तुकडे पाडले जातात: 'मारुती मंदिर ते शाळा', 'शाळा ते पाण्याची टाकी', 'टाकी ते स्मशानभूमी'. इथे जीएसटीचं पोर्टल कामाला येतं आणि तेही फुकट आहे. बिलावरचा १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक तिथल्या 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये टाका. महाराष्ट्रातल्या फर्मचा क्रमांक २७ ने सुरू होतो. फर्मचं कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू की रद्द, हे सगळं दिसतं. बिल नोंदणीच्या आधीचं असेल, नोंदणी रद्द झाल्यानंतरचं असेल, किंवा कंपोझिशनमध्ये (लहान व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत) असलेल्या दुकानदाराने बिलात वेगळा जीएसटी लावला असेल, तर बिलातच खोट आहे. कंपोझिशनवाल्याला ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही.

आता पोर्टलच्या बाहेरच्या अंधाऱ्या खोलीत जाऊ. गावातली लहान पण वर्षानुवर्षं चालणारी चोरी तिथे होते. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजारकर हा पंचायतीचा स्वनिधी. त्याच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठरलेल्या नमुन्यांत असतात. नमुना ८ म्हणजे कर आकारणी, कुणाच्या घराला किती कर. नमुना ९ म्हणजे मागणी आणि वसुली. नमुना १० म्हणजे कराची पावती. किरकोळ जमेची सामान्य पावती नमुना ७. नमुना ५ म्हणजे रोकड वही.

पावती पुस्तकाकडे जवळून बघा. वर मूळ पावती, खाली कार्बन, त्याखाली स्थळप्रत, म्हणजे पंचायतीकडे राहणारी नक्कल. घरमालकाने २,३५० रुपये भरले. मूळ पावती फाडून स्वतंत्र लिहिली आणि त्याला दिली. मग कार्बनवर दुसरा कागद ठेवून स्थळप्रतीवर ३५० उमटवले. रोकड वहीत ३५० आले, दोन हजार खिशात गेले. घरमालकाकडे पावती आहे म्हणून तो निश्चिंत, आणि ऑडिटवाला स्थळप्रत बघतो म्हणून तोही निश्चिंत. दोघांचे कागद एकत्र आले तरच हे उघडं पडतं. काही वेळा पुस्तकच बाहेरून छापून घेतलेलं असतं. अशा पुस्तकाची नोंद पंचायतीच्या साठा नोंदवहीत नसते. तिसरा प्रकार सगळ्यात साधा: वसूल झालेली रक्कम रोकड वहीत घेतली पण बँकेत भरलीच नाही. 'हातशिल्लक' म्हणून आकडा महिनोन्महिने फुगत जातो, आणि ऑडिटची तारीख लागली की आदल्या आठवड्यात भरणा होतो. चौथा, वसुलीतून परस्पर खर्च दाखवायचा. लेखापरीक्षण अहवालात 'वसुलीची रक्कम बँकेत न भरता परस्पर खर्च केली' हे वाक्य दिसलं तर तिथे बोट ठेवून थांबा.

तपासायची रीत कष्टाची आहे, अवघड नाही. एका गल्लीतल्या पंधरा-वीस घरांच्या एका वर्षाच्या पावत्यांचे फोटो त्यांच्या संमतीने घ्या. प्रत्येकीचा पुस्तक क्रमांक, पावती क्रमांक, तारीख, रक्कम एका वहीत उतरवा. मग माहितीच्या अधिकारात त्याच पुस्तकांच्या स्थळप्रती, नमुना ९ ची ती पानं, नमुना ५ आणि बँकेच्या खात्याचा उतारा यांची पाहणी मागा. जिथे चारही ठिकाणी एकच आकडा येत नाही, तिथे लाल खूण. वीस पावत्यांत दोन जरी चुकल्या तरी सगळ्या पुस्तकांची तपासणी मागायला ते पुरेसं आहे.

दिव्यांग ५ टक्के, मागासवर्गीय १५ टक्के, महिला व बालकल्याण १० टक्के हा स्वनिधीतला राखीव खर्चही असाच कागदावर उरकला जातो. लाभार्थ्यांच्या सह्यांची यादी मागा आणि चार जणांना प्रत्यक्ष विचारा.

आता माहिती अधिकार, कारण त्याच्याशिवाय पोर्टल अपुरं. ग्रामपंचायतीचा जनमाहिती अधिकारी सहसा ग्रामसेवक असतो. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र करून आता 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव झालंय, गावात मात्र अजून भाऊसाहेबच. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही नाही, कार्डाची प्रत जोडायची. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. म्हणून 'गेल्या पाच वर्षांतील सर्व कामांची सर्व माहिती द्यावी' असा अर्ज करू नका, तो परत यायचीच वाट बघत असतो. पोर्टलवरचा नंबर हातात असला की अर्ज असा आटोपशीर होतो:

"ग्रामपंचायतीच्या पंधराव्या वित्त आयोग निधीतून सन २०२२-२३ मध्ये अदा केलेल्या व्हाउचर क्र. … दि. … रक्कम रु. … या एका देयकासंबंधी पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: ग्रामसभा व मासिक सभेचा ठराव, तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, दरपत्रके किंवा निविदा व तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप वहीची संबंधित पाने, पुरवठादाराचे मूळ देयक, कपातींचा तपशील, पूर्णत्वाचा दाखला."

एवढ्या आठ कागदांत बहुतेक सगळं उघडं पडतं. तारखा एका ओळीत लिहा: ठराव, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप, देयक. हा क्रम उलटा झाला, मोजमापाआधीच पैसे गेले, किंवा कार्यारंभ आदेशानंतर तिसऱ्याच दिवशी दोनशे मीटर रस्ता पूर्ण झाला, तर काम कागदावर झालंय. प्रतीसाठी पानाला २ रुपये लागतात. ३० दिवसांत माहिती नाही मिळाली तर कलम ७(६) प्रमाणे ती फुकट द्यावी लागते, हे पुढच्या पत्रात आठवणीने लिहा. पहिलं अपील ३० दिवसांच्या आत, २० रुपयांच्या स्टॅम्पसह. ते सहसा पंचायत समितीतल्या विस्तार अधिकाऱ्यांकडे असतं, उत्तराच्या पत्रावर पदनाम दिलेलं असतं. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील. तिथे वेळ लागतो, बराच लागतो. म्हणून त्यावर विसंबून न राहता तक्रारीचं काम समांतर चालू ठेवायचं.

दोन नकार वारंवार मिळतात. पहिला, "माहिती त्रयस्थ व्यक्तीची आहे." पुरवठादाराला सार्वजनिक पैसा दिला गेलाय, तेव्हा कलम ८(२) मधल्या जनहिताच्या तरतुदीचा आधार घेऊन अपील करा, आणि अर्जात बँक खाते क्रमांक, पॅन असलं काही मागूच नका. दुसरा, "अभिलेख उपलब्ध नाही," किंवा "आधीच्या ग्रामसेवकांनी पदभार दिला नाही." हा नकार लेखी घ्या, कारण तोच पुढे उपयोगी पडतो. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ प्रमाणे अभिलेख बेकायदा नष्ट करणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड. हरवले म्हणणाऱ्याला "हरवल्याची पोलिसांत नोंद कधी केली?" हा एक प्रश्न पुरतो. पुष्कळदा दप्तर मग सापडतं.

जागेवरची मोजणी ही शेवटची आणि सगळ्यात ताकदवान पायरी. समजा मोजमाप वहीत सिमेंट रस्ता १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड लिहिलाय. गुणाकार केला की ४५ घनमीटर काँक्रीट. एम-२० दर्जाच्या काँक्रीटला घनमीटरमागे साधारण ८ गोणी सिमेंट धरलं तर ३६० गोणी. प्रत्यक्षात जाडी १० सेंटिमीटरच निघाली, तर काँक्रीट ३० घनमीटर आणि सिमेंट २४० गोणी. १२० गोणी सिमेंट, त्याच प्रमाणात खडी आणि वाळू, रस्त्यात कधी गेलीच नाही. लांबी-रुंदी कुणीही टेप लावून मोजतं, म्हणून त्यात सहसा चोरी नसते. चोरी जाडीत असते. कडेला पट्टी लावून मोजल्याने फसगत होते, कारण कडा मुद्दाम जाड ठेवतात आणि पोट पातळ. मधला गाभा काढूनच खरी जाडी कळते. खडीकरण आणि मुरूम तर काँक्रीटखाली झाकला जातो. त्यासाठी देयकातून गौण खनिजाचं स्वामित्वधन (रॉयल्टी) कापलंय का आणि वाहतुकीचे पास आहेत का, ते मागा.

स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन रस्ता फोडायला जाऊ नका, तुमच्यावरच गुन्हा लागेल. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(जे) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा अधिकार स्पष्ट दिलेला आहे. त्याखाली अर्ज करा, शाखा अभियंत्याच्या उपस्थितीत नमुना काढून घ्या, जागेवर पंचनामा करा, नमुन्याच्या पिशवीवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. पथदिव्यांचं सोपं आहे: खांब मोजा, दिव्यावरची कंपनी आणि वॅट लिहून घ्या, बिलाशी ताडा. पाइपावर व्यास, दाबाचा वर्ग आणि आयएसआयचा शिक्का छापलेला असतो. गाडल्यावर तो दिसत नाही, म्हणून चर उघडा असतानाच फोटो काढून ठेवावेत.

तक्रार लिहिताना एका शब्दाची फार काळजी घ्या. 'अनियमितता' म्हणजे नियम चुकला, आणि त्याचं उत्तर 'यापुढे दक्षता घ्यावी' असं येतं. 'अपहार' म्हणजे सोपवलेला पैसा खाल्ला. कागद अपहाराचे असतील तर अपहारच लिहा आणि रक्कम लिहा. ऑडिटच्या भाषेतही असाच फरक आहे: 'आक्षेपाधीन' म्हणजे कागद न दाखवल्याने अडकवून ठेवलेली रक्कम, 'वसूलपात्र' म्हणजे जबाबदार माणसाकडून वसूल करायची रक्कम. ग्रामपंचायतीचं लेखापरीक्षण स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो. मागच्या तीन वर्षांचे अहवाल आणि त्यांचे अनुपालन अहवाल मागितले, की तीच वसूलपात्र रक्कम वर्षानुवर्षं पुढे ढकललेली सापडते.

तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडे, प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना, पोच घेऊन. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथेही. सरपंचाला पदावरून काढायची तरतूद महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये आहे. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या चौकशीनंतर तो निर्णय विभागीय पातळीवर होतो, आणि त्याला वेळ लागतो. फौजदारी बाजू वेगळी चालते. लोकसेवकाने केलेला फौजदारी विश्वासघात १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(५) खाली येतो, त्याआधीच्या कृत्यांना भारतीय दंड संहितेचं कलम ४०९. दोन्हींत शिक्षा जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत. व्यवहारात चौकशी अहवालानंतर पंचायत समितीचे विस्तार अधिकारी फिर्याद देतात. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी, स्पीड पोस्टाने, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज. काम करून द्यायला कुणी लाच मागत असेल तर मात्र थेट लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४.

चौकशी सुरू झाली की एक वळण हमखास येतं. संबंधित माणूस रक्कम बँकेत भरतो आणि गावात सांगत फिरतो, "पैसे भरले, विषय संपला." विषय संपत नाही. थोड्या काळापुरता केलेला अप्रामाणिक वापर हाही अपहारच, असं कायद्याच्या स्पष्टीकरणातच म्हटलंय. भरणा केल्याची पावती ही तर पैसा आधी बाहेर होता याचीच कबुली. चौकशी अधिकाऱ्यांना लेखी पत्र देऊन हे नोंदवून घ्या, नाहीतर अहवालात 'रक्कम भरणा झाल्याने तक्रार निकाली' अशी एक ओळ येते आणि फाइल बंद होते.

याच मंत्रालयाचं 'मेरी पंचायत' हे मोबाइल ॲप ज्यांना संगणक नाही त्यांच्यासाठी ठीक. आराखडा आणि निधीचा अंदाज येतो, ग्रामसभेत उभं राहून विचारायला पुरेसा. व्हाउचरनिहाय खोदकाम मात्र संकेतस्थळावरच करा.

पोर्टल वापरणाऱ्याने एक गोष्ट पहिल्याच दिवशी करावी. वर्षाचे हिशेब तिथे बंद होईपर्यंत नोंदी दुरुस्त होऊ शकतात. आज दिसलेलं व्हाउचर महिन्याभराने वेगळ्या तपशिलासह दिसू शकतं, विशेषतः अर्ज गेल्याची कुणकुण लागल्यावर. म्हणून माहितीचा अर्ज टाकायच्या आधी आराखडा, व्हाउचरची यादी आणि रोकड वही, तिन्ही पानं पीडीएफ करून ठेवा. छापताना वरच्या कोपऱ्यात तारीख-वेळ आणि खाली संकेतस्थळाचा पत्ता येईल अशी ब्राउजरची सेटिंग चालू ठेवा. एक प्रत ईमेलने स्वतःला आणि गावाबाहेरच्या एका विश्वासू माणसाला पाठवा, म्हणजे पाठवल्याची तारीखही नोंदली जाते. मगच १० रुपयांचा स्टॅम्प लावा.